पहिली मूठ

“पण का नको म्हणता, बाबा? एवढं तरी सांगा.”

चारुलता म्हात्रेनं बियाण्याची थैली चटईवर ठेवली. गावातले म्हातारे बाबा मकामे लवंगांचे देठ खुडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पेंबा हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट. तिथल्या भातखाचरांत समुद्र शिरला आणि गेल्या हंगामात उभं पीक करपून गेलं. दोन देशांच्या शेती सहकार्यातून चारुलताला तिथं पाठवलं होतं, खाऱ्या जमिनीत तग धरणारा भात घेऊन. तो वाण तिनंच तयार केलेला, आणि तिला त्याचा अभिमान होता. वर्षभरात ती तिथली भाषाही शिकली. बापाला तिकडेही बाबाच म्हणतात, याची तिला आधी मोठी गंमत वाटली होती.

आता वाटत नव्हती. पेरणी तोंडावर आलेली. बाबा फकीर माणूस. निम्मं गाव त्यांच्यापुढे बसून अक्षर शिकलेलं. त्यांनी पहिली मूठ घेतल्याशिवाय कुणी थैलीला हात लावेना. माणसं अंगणाबाहेर फणसाखाली ताटकळत उभी होती.

“बी खोटं वाटतं का?”

“नाही. तू लावून दाखवलेलं पीक पाहिलं मी. हिरवंगार होतं.”

“मग?”

“तू इथून काय नेणार?”

“काहीच नाही!” अडलंय ते इथेच, असं तिला वाटलं. “सगळं मोफत आहे. आम्हाला तुमच्याकडून काही नको.”

“काही नको...”

“काही म्हणजे काहीच नको.”

बाबांनी थैली हलकेच तिच्याकडे सरकवली.

“मग परत ने, पोरी.”

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “माणसं उपाशी मरतील, बाबा!”

“खरं आहे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “पुष्कळ आले द्यायला. कुणालाच आमच्याकडून काही नको होतं. गेले ते पुन्हा फिरकले नाहीत... दिलेलंही मग राहिलं नाही.”

बाबा पुन्हा देठ खुडू लागले.

चारुलतानं थैली उचलली. उठली मात्र नाही. समोर खाचरांचा बांध दिसत होता. परवाच्या भरतीत तो फुटला तेव्हा ती कडेला उभी राहून फोटो काढत होती. काढता काढता डोळे भरून आले होते, ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

“एक हवंय,” ती म्हणाली.

“बोल.”

“माझं गावही खाडीकाठी आहे. बांधाला खांड पडली की पूर्वी सगळं गाव धावायचं. आता कुणी येत नाही. ज्याचं शेत त्यानं बघावं, नाहीतर सरकारनं. वडील एकटेच चिखल लोटत राहिले... मी तेव्हा प्रयोगशाळेत होते. याच भातापाशी.”

“मग?”

“शेत गेलं. आता तिथं कांदळवन आहे.”

“तुझं हे बी तिथं नाही उगवत?”

“रोज समुद्र आत-बाहेर करतो तिथं कुठलं बी उभं राहणार? आधी बांध लागतो. बांधाला माणसं लागतात.” “परवा तुमच्याकडे ढोल वाजला आणि दुकानदारसुद्धा दुकान उघडं टाकून चिखलात उतरला. हे कसं टिकवलंत, बाबा? मला शिकवाल?”

बाबांचे हात थांबले. मांडीवरच्या लवंगा चटईवर ओघळल्या.

“वडील काय करतात आता?”

“ओटीवर बसून असतात... शेताकडे पाठ करून.”



बाबांनी हात पुसले, थैलीचं तोंड सोडलं आणि डोक्यावरची टोपी काढून तिच्यात मूठभर बी घेतलं. भिंतीला धरून उठले, आणि फणसाखालच्या माणसांना त्यांनी हाक दिली.

“या रे, बी घ्या! हिचंही शेत बुडालंय.”