सावलीतला झेंडा

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह घाटाच्या पायथ्याशी राहत होते. समोरचा रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते आणि गाड्या थांबवण्यासाठी एक बाई लाल झेंडा घेऊन दिवसभर उन्हात उभी असे. तिला पाहून शिष्याचा जीव तिळतिळ तुटे. वैशाखातल्या एका दुपारी त्याने तिच्या डोक्यावर करंजाच्या डहाळ्यांचा दाट मांडव घातला. "लई बरं वाटलं, दादा," बाई म्हणाली. ऊन संथ पाण्यासारखे पसरले होते आणि समोरचा डोंगरही पेंगत असावा असे वाटत होते.

तेवढ्यात आचार्य आले आणि त्यांनी मांडव उपटून टाकला.

शिष्य संतापला. "गुरुदेव, तुम्हाला हिची जराही दया येत नाही?"

"असू द्या, मला सवय हाय," बाई पुटपुटली.

आचार्यांनी तिला बाजूला बसवले आणि झेंडा स्वतःच्या हाती घेतला. "तू वळणापर्यंत जा आणि तिथून मला शोध," असे शिष्याला सांगून ते रस्त्याकडेच्या करंजाखाली जाऊन उभे राहिले.

शिष्याने वळणावरून मागे पाहिले. रस्ता उन्हात थरथरत होता. झाडाखाली नुसता काळोख होता. गुरू नाहीत, झेंडा नाही, जणू ते कधी नव्हतेच. इतक्यात मागून ट्रक आला. त्याने खांद्यावरचे उपरणे जिवाच्या आकांताने फडकवले, तेव्हा कुठे तो थांबला.

"पुढे माणूस उभा आहे. सावकाश जा, बाबा."

ड्रायव्हरने डोळे किलकिले केले. "कुठं हाय माणूस? मला तर कुनीच दिसंना."

शिष्य परतला तेव्हा त्याचे ओठ सुकले होते.

"भर उन्हातून येणाऱ्याला सावलीतला माणूस दिसत नाही," आचार्य म्हणाले. "तू हिच्याजवळ उभा राहून हिची काळजी केलीस. काळजी येणाऱ्याच्या जागेवरून करायची असते, बाळ."

"मग हिने उन्हात करपायचे?"

"छे. मांडव रस्त्यापासून लांब घाल, विसाव्यासाठी. आणि उन्हात उभे राहायला पाळी लावायची. आता पाळी कोणाची, ते मी सांगायला नको."

शिष्याने झेंडा घेतला आणि तो उन्हात जाऊन उभा राहिला. बाई लांब मांडवात पाणी पीत बसली. ऊन डोक्यात भिनू लागले. मग वळणावर एक ट्रक दिसला आणि तिथूनच त्याचा वेग कमी होऊ लागला. कोण कुठला चालक, पण त्याने आपल्याला पाहिले, एवढ्यानेच शिष्याचे डोळे भरून आले.