गव्याच्या पाठीला लागलेली रेघ

चूक रानगव्याची होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट संपेपर्यंत थांबलं की मोठी मंडळी ती चूक पावसाच्या नावावर टाकून मोकळी होतात.

तर मुलांनो, ओढ्याकाठच्या एका जंगलात हा म्हातारा रानगवा राहायचा. अंगाने दांडगा, आणि मान मिळवण्याची हौस अंगाहून दांडगी. त्याच्याकडे दोन चाकांची गाडी होती आणि ती ओढायला चार रानडुकरं. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर खारट माती होती, ती चाटायला तो रोज गाडीत बसून जाई. चालत गेला असता तर अंग गरम व्हायच्या आत पोचला असता. पण पावसाळ्यात ओढ्याच्या वाळूत चाकं रुतत आणि चार जनावरांसमोर गव्याला खाली उतरावं लागे. हे काही त्याला सोसेना. म्हणून त्याने ठरवलं की ओढ्यावर आपल्या गाडीपुरता पूल बांधायचा.

पुलाच्या जागेपासून थोडं वरच्या अंगाला, काठाच्या मातीत एक साळू, म्हणजे साळिंदर, राहायची. तिचं बीळ तिच्या आजीने खणलं होतं, तेही डोकं वापरून. दर पुरानंतर काठावरच्या अर्जुनाच्या खोडावर गाळाची राखाडी रेघ उमटायची. पाणी कुठवर चढलं होतं, ते त्या रेघेवरून कळायचं. आजीने रेघेच्या हातभर वर बीळ खणलं. तीन पिढ्यांत आत पाण्याचा थेंब आला नव्हता. आणि यंदा साळूला पिल्लं होणार होती.

ऐन वैशाखात गव्याने पुलाचं माप घ्यायला म्हाताऱ्या वानराला बोलावलं. जंगलातली सगळी मापं हेच वानर आपल्या शेपटीने घ्यायचं. ओढ्यात तेव्हा बारीकशी धार उरली होती. वानराने तिच्यावर शेपटी आडवी धरली, पुन्हा एकदा धरली आणि जाहीर केलं, "दोन शेपट्या. तीन पोकळ खोडं तळाला टाकू, वर दगडमाती दाबू. पाणी खोडांतून, गाडी वरून. आठ दिवसांत पूल उभा!"

"काका," साळू बिळातून बाहेर येत म्हणाली, "तुम्ही धार मोजलीत. ओढा मोजा की."

"ही काय, ओढाच तर मोजला."

"आषाढात हा त्या करंजापासून या अर्जुनापर्यंत असतो. त्याच्या वाटेत काही टाकूच नका. दोन्ही काठांवर, मागे सरकून, दगडी पाया घ्या. त्यावर लांब ओंडके आडवे टाका, पुराच्या रेघेच्या वर. गाडीही जाईल, पाणीही जाईल. तुम्ही जो सांगताय तो पूल नाही, बांध आहे."

'बांध' हा शब्द गव्याला झोंबला. "शुभ कामात असलं बोलतात का बाई? वीस पावसाळे पाहिलेत मी. कुठाय तुझी ती रेघ? दाखव!"

सगळे अर्जुनापाशी गेले. खोड गुळगुळीत होतं, आरशासारखं. रेघ कुठेच नव्हती. कशी असेल? गवा रोज सकाळ-संध्याकाळ त्याच झाडाला पाठ घाशीत असे.

"दिसली का हो कुणाला?" वानराने दात विचकले.

"ती गवेबाबांच्या पाठीवर आहे," साळू म्हणाली.

आणि खरंच, गव्याच्या पाठीच्या केसांत राखाडी गाळ चिकटलेला होता. एक डुक्कर फिस्सकन हसलं. गव्याने मान वळवली, तसं ते मातीत नाक घालून काहीतरी हुंगायला लागलं.

"थोरांची थट्टा करतेस?" गवा म्हणाला. "कालच्या पोरींनी आम्हाला ओढा शिकवायचा?"

जमलेल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. खोडाकडे पुन्हा बघायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत. त्यांच्या लेखी गव्याचं वय हाच पुरावा होता.

आठ दिवसांत पूल झाला. नारळ फुटला. वानराने भाषण केलं, गव्याने गाडीतून तीन फेऱ्या मारल्या, आणि मन मोठं म्हणून साळूलाही खोबऱ्याचा एक तुकडा दिला. साळूने तो खाल्ला नाही. ती टेकाडावर गेली आणि नवं बीळ खणायला लागली. वर माती वीतभरच होती, खाली सगळा कातळ. महिनाभर खणून तिची नखं झिजली आणि जेमतेम तिचं डोकं मावेल एवढा खड्डा झाला. आषाढ लागला तेव्हा तिला जुन्याच बिळात दोन पिल्लं झाली.

मग तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी साळू टेकाडावर खणत असताना ओढा आला. वरून झुडपं आली, पालापाचोळा आला, मोडक्या फांद्या आल्या. हे सगळं पुलाच्या तीन खोडांच्या तोंडाशी जाऊन बसलं आणि तोंडं बुजली. आता पाण्याला वाट नव्हती. ते पुलाला टेकून उभं राहिलं आणि मागे मागे चढू लागलं. साळू धावत खाली आली, तेव्हा बिळाच्या तोंडाखाली चार बोटं जागा उरली होती. तिच्या आणि बिळाच्या मध्ये पाण्याचा भोवरा होता.

पुलावर गाडी उभी होती. चिखलात चाकं खराब होऊ नयेत म्हणून गव्याने ती आदल्या दिवसापासून तिथेच ठेवली होती, आणि आता तो डुकरांना घेऊन ती हलवायला आला होता.

"गवेबाबा, पूल फोडा!" साळू ओरडली. "वरची माती उकरा, पाणी निघून जाईल! माझी पिल्लं आत आहेत!"

चार डुकरांनी मुसंडी मारली असती तर ती ओली माती घटकाभरात मोकळी झाली असती. मघाचं, म्हणजे वैशाखात हसलेलं डुक्कर पुढे सरलंही.

"मागे हो!" गवा गरजला. "नारळ फोडून दोन महिने झाले नाहीत आणि पूल फोडायला निघाले! लोक काय म्हणतील? थांबा जरा. उतरेल पाणी."

डुकरं थांबली. ताकद होती, नाकं होती, डोळ्यांना सगळं दिसत होतं, आणि तरी थांबली. मोठ्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं, एवढंच त्यांना शिकवलं होतं.

साळूने पाण्यात उडी टाकली. भोवऱ्याने तिला फिरवून परत काठावर फेकलं. तिने पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा ती वर आली तेव्हा बिळाचं तोंड दिसत नव्हतं.

दुपार व्हायच्या आत पूल आपला आपणच फुटला. माती गेली, खोडं गेली. डुकरांनी गाडी ओढून काढली, पण तिचं एक चाक निखळून वाहून गेलं. पाणी उतरलं, गवा म्हणाला होता तसंच.

संध्याकाळी म्हातारी मंडळी जमली. "पाऊसच तसा झाला," वानर म्हणालं. "निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?" गवा म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. साळू एका कडेला बसून होती. ती एकच वाक्य बोलली, "अर्जुनाकडे बघून या."

गेलं कुणीच नाही. पण रेघ तिथे आहे. गवा अजून त्या झाडाला पाठ घासतो. ही रेघ मात्र त्याच्या पाठीच्या हातभर वर आहे, तिथे त्याची पाठ पोचत नाही.

तात्पर्य : आपल्या गाडीसाठी ओढ्यावर पूल बांधायचा तर उन्हाळ्यातली धार नव्हे, पुरातला ओढा मोजावा, आणि मापणाऱ्याचं वय बघून माप खरं धरू नये. या पुलापायी साळूची दोन पिल्लं गेली. गव्याच्या गाडीचं एक चाक गेलं.