मुलाच्या पावलांवर बेतलेली होडी

ज्या काळी नद्यांना अजून नावं पडायची होती आणि बगळे माणसांशी बोलायला लाजत नव्हते, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका खाडीच्या काठी एक म्हातारा कोळी आणि त्याची बायको राहत होती. खाडी बहुतेक उथळ होती. ओहोटीला चिखल उघडा पडे, भरतीला तिवरांच्या मुळांपर्यंत पाणी चढे. मधोमध मात्र एक खोल धार होती, आणि मासळी त्या धारेच्या कडेकडेने येई.

त्यांची होडी दिसायला कुरूप होती. बूड पसरट, नाक आखूड, चाल म्हशीसारखी. गावातले लोक हसत आणि म्हणत, "ही होडी नव्हे, तरंगती खाट आहे."

"असू दे," म्हातारा म्हणे. "तुमच्या होडीत तुम्हाला धड उभं राहता येतं का?"

कारण त्याचं सगळं काम उभ्यानं होतं. तो पाग टाकणारा कोळी होता. पाग म्हणजे कडेला शिशाचे मणी ओवलेलं गोल जाळं. त्याची दोरी मनगटाला बांधायची, पाय फाकवून उभं राहायचं, कमरेतून वळायचं आणि जाळं असं भिरकावायचं, की ते हवेतच ताटासारखं उघडलं पाहिजे. तो पुढे उभा राही आणि मागे त्याची बायको लांब बांबू चिखलात रोवून होडी धरून ठेवी. तो डावीकडे झुकला, की ती उजवीकडे झुके. सांगावं लागत नसे. तीस वर्षं दोघं असं एका होडीतून पोट भरत होती.

त्यांना एकच मुलगा. तो डोंगराच्या पलीकडे, उघड्या समुद्रावर राही. तिथली मासेमारी वेगळी. लाटा कापत दूर जायचं, मांडी आवळून बसायचं आणि खोल पाण्यात गळ सोडायचा. त्यासाठी होडी अरुंद लागते, तीरासारखी. मुलगा त्या कामात तरबेज होता आणि आईबापांवर त्याचा फार जीव होता.

एकदा त्याच्या मनात आलं, की पावसाळ्यानंतर समुद्र उघडेल त्या दिवशी बापाला नवी होडी द्यायची. तो होड्या घडवणाऱ्या सुताराकडे गेला.

त्या मुलखात एक रीत होती. ज्याच्यासाठी होडी घडवायची, त्याला सुतार आपल्या अंगणातल्या ओल्या वाळूवर उभं करी. "काम करताना उभा राहतोस तसा राहा," म्हणे. मग वाळूत उमटलेल्या पावलांभोवती दोरी फिरवी आणि त्या मापावर होडी बेतली जाई. दोघं जाणारी असतील, तर दोघांनी उभं राहायचं.

"बापाला घेऊन ये," सुतार म्हणाला.

"सुतारमामा, त्याला आधीच कळलं तर मजा काय राहिली? मी त्याचाच मुलगा ना? हाडापेरानं अगदी त्याच्यावर गेलोय. माझं माप घ्या."

"माप हाडाचं नसतं रे, कामाचं असतं. तो उभ्यानं काम करतो का बसून?"

"म्हातारपणी कुठे उभा राहील? बसूनच करू दे की."

"आणि तुझी आई? ती जाते ना बरोबर?"

"आयेनं काय मरेपर्यंत चिखलात बांबू रोवायचा? तिला आता घरी बसू दे."

सुतारानं मापाची दोरी उचलली. नाही म्हणणं त्याच्या हातात होतं. पण अंगणात फणसाचा एक सरळसोट ओंडका पडला होता आणि त्यातून एक वेगवान होडी काढावी, असं त्याला कधीपासून वाटत होतं. हात शिवशिवत असले, की माणूस प्रश्न कमी विचारतो.

मुलगा वाळूवर उभा राहिला. बसून काम करणाऱ्याचे पाय जसे जवळ असतात, तसे त्याचे पाय जवळ होते. सुतारानं दोरी फिरवली.

समुद्र उघडायच्या दिवशी मुलगा नवी होडी घेऊन खाडीवर आला. काय होडी होती! लांब, निमुळती, उंडीच्या बियांचं तेल पिऊन चकाकणारी. सगळं गाव काठावर जमलं. "नशीब काढलंस रे म्हाताऱ्या!" लोक म्हणाले.

त्या गावातली दुसरी रीत अशी, की नवी होडी आली, की जुनी घरात ठेवायची नाही. दोन होड्या सवतींसारख्या भांडतात, असं लोक मानत. जुनी फोडायची आणि तिच्याच लाकडांवर गावजेवणाचा भात शिजवायचा. मुलानं स्वतः कुऱ्हाड घेतली.

"थांब," म्हातारा म्हणाला.

मुलानं वर पाहिलं. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "काय रे बा?"

म्हाताऱ्यानं त्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काही नाही," तो म्हणाला. "हाताची बोटं सांभाळ, एवढंच."

त्या क्षणी त्यानं बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. पण प्रेमानं दिलेल्या वस्तूसमोर भल्याभल्यांची जीभ जड होते, आणि हा तर बाप होता.

होडी फुटली. भात शिजला. "आये, सुटलीस बघ एकदाची," मुलगा म्हणाला. नव्या होडीत एकाच माणसाची जागा होती. आई हसून "हो रे" म्हणाली. सगळ्यांना तिनं पोटभर वाढलं. स्वतःचं पान मात्र तिनं वाढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा एकटा खाडीत जाऊ लागला. होडी सरसर धावे, पण खाडीत धावायचं कुठे होतं? बसून पाग टाकला, की तो फडक्यासारखा गोळा होऊन पडे. उभं राहावं, तर होडी लगेच एका अंगावर कलंडे. कितीदा तर तो होडी तिवराला बांधून कमरभर चिखलात उतरे आणि तिथून पाग टाके. पण तिथे बोटभर मासळीशिवाय काही नसे.

उथळ पाण्यात एक म्हातारा बगळा रोज उभा असे. तो म्हणाला, "काय रे, आज बसूनच? मासे तुझ्या मांडीवर येऊन बसतील, असं कुणी सांगितलं?"

"तू आपलं बघ," म्हातारा म्हणाला.

"माझं मी बघतोच. मी कधी दुसऱ्याचे पाय लावून मासे धरले नाहीत."

संध्याकाळी रिकामी टोपली पाहून बायको विचारी, "काय हो, आज नुसतं पाणी बघून आलात?"

"मासे म्हणाले, तुझी कारभारीण कुठे आहे? ती नसेल तर आम्ही येत नाही."

ती हसे आणि मग टोपली खाली ठेवी. "सांगा की हो त्याला," ती म्हणे.

"एवढ्या हौसेनं आणलीय त्यानं. कसं सांगू?"

"हौस शिजवून खायची का? पेजेला तांदूळ नाहीत घरात."

"येईल तेव्हा सांगेन."

महिन्याभरानं मुलगा आला. घाईतच होता, वारा पडायच्या आत त्याला परतायचं होतं. दारातूनच त्यानं विचारलं, "बा, होडी कशी चालते?"

"पाण्याला टेकतसुद्धा नाही," म्हातारा म्हणाला.

"मी म्हटलं नव्हतं?" मुलगा खूश होऊन निघून गेला.

म्हातारी नवऱ्यावर चिडली. "सांगणार होता ना?"

"त्यानं विचारलं कशी चालते. चांगलीच चालते ती. मासळी मिळते का, हे त्यानं कुठे विचारलं?"

"आणि तुम्ही आपण होऊन सांगायचं नाही? बरी जोडी जमलीय बापलेकांची. त्याला विचारायला नको आणि तुम्हाला बोलायला नको."

 त्या दिवसानंतर म्हातारा जेवताना पेजेचं मोठं भांडं तिच्याकडे सरकवू लागला आणि मला भूक नाही, असं सांगू लागला.

मग एका सकाळी, लख्ख उन्हात, भरतीबरोबर बोय मासळीचा मोठा थवा खाडीत शिरला. पाणी रुपेरी झालं. मासे हवेत उड्या मारू लागले. असा थवा वर्षातून एकदाच येतो. एक पाग नीट पडला, तर दोन महिन्यांची चूल पेटते.

"बसूनच टाका हो!" काठावरून बायको ओरडली.

"उभा राहू नकोस," बगळाही म्हणाला. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

पण तीस वर्षांची सवय डोक्यात नसते, पायात असते. म्हातारा उभा राहिला. पाय फाकवायला जागा नव्हती, म्हणून एक पाय त्यानं होडीच्या काठावर ठेवला. कमरेतून वळला आणि पाग भिरकावला. तो इतका सुंदर उघडला, की काठावर त्याची बायको क्षणभर सगळं विसरून बघतच राहिली.

पाग पाण्यावर पडला आणि होडी त्याच्या पायाखालून निसटली.

धार खोल होती. दोरी मनगटाला बांधलेली होती. आणि जाळं मासळीनं गच्च भरलं होतं.

म्हातारी बांबू घेऊन धावली. आधी घोट्यापर्यंत चिखल, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पुढे तिला जाता येईना. बांबू तिथवर पोचेना. तिच्याजवळ होडी असती, तर दहा वेळा बांबू मारून ती तिथे पोचली असती. तिच्याजवळ होडी नव्हती.

ओहोटी लागल्यावर लोकांनी त्याला बाहेर काढलं. जाळं अजून भरलेलंच होतं.

मुलगा आला. आधी रडला, मग धावत सुताराकडे गेला आणि त्याचा गळा धरला. "तू शहाणा ना? मग 'नाही' का म्हणाला नाहीस?" सुतारानं सोडवून घेतलं नाही. "म्हणायला हवं होतं," एवढंच तो पुटपुटला. मुलगा परत येऊन होडीवर कुऱ्हाड उगारू लागला, तेव्हा आईनं त्याचा हात धरला.

"तिला नको मारूस. तिचा काय दोष? चांगली होडी आहे ती, तुझ्यासाठी झालेली. घेऊन जा तुझ्या समुद्रावर."

त्यानं आईचं ऐकलं. होडी समुद्रावर नेली आणि लाटांमध्ये घातली. अशी होडी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. ती लाटेवर चढे आणि अलगद उतरे, मनात यावं आणि वळावी, इतकी हलकी. तो बसला होता तिथे त्याचे पाय नेमके बसत होते. त्या दिवशी त्याला एवढी मासळी मिळाली, की होडीचा काठ पाण्याला टेकायला आला. आणि तो भर समुद्रात ओंजळीत तोंड लपवून हुंदके देत बसला.

त्या रात्रीच तो आईकडे आला. मासळीची टोपली तिच्यासमोर ठेवली आणि तिच्या पायाशी बसला. 

"आये," तो म्हणाला, "तुला काय हवंय?"

जन्मात पहिल्यांदाच त्यानं तिला हे विचारलं होतं. म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं मासळी साफ केली, शिजवली आणि त्याला वाढली. पण त्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही. तिला जे हवं होतं, ते आता कुणालाच आणून देता येणार नव्हतं.

बोध : ज्याला पाण्यात जायचं आहे, त्याला विचारल्याशिवाय त्याची होडी निवडू नये.