राणीचा मोती आणि रस्त्यातल्या फटी

फार पूर्वी एक नगर होतं, नदीपासून चांगलं चार कोस लांब. पूर म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना नुसतं ऐकून ठाऊक. रस्ते दगडी फरशांचे. दोन फरशांमध्ये बोटभर फट, फटीत वाळू. पाऊस पडायचा आणि तिथल्या तिथं मुरायचा.

एकदा राणी तान्ह्या राजपुत्राला कडेवर घेऊन फिरायला निघाली. बाळानं नथ ओढली, टपोरा मोती निसटला आणि गेला की फटीत! शोधून शोधून सगळे थकले. राजा भडकला. "नगरातली एकूण एक फट चुन्यानं बुजवा!"

ते रस्ते बांधणारी म्हातारी पाथरवटीण धावत आली. "महाराज, असं नका करू. मोती एकच गेला, पण गावाचं सगळं पाणी या फटींतूनच खाली जातं."

"इथं नदी तरी आहे का?" राजा हसला. "बाई, तू आपले दगड घड."

राजाचाच हुकूम, मग काय! महिन्याभरात रस्ते इतके गुळगुळीत झाले, की पोरं त्यावर घसरगुंडी खेळू लागली. दरबारी तर 'वाहवा' म्हणून थकेनात.

आणि श्रावणात, भर दुपारी, आभाळ फाटलं. अहो, घटकाभरात रस्त्यांच्या नद्या झाल्या! नदी नाही, ओढा नाही, आणि गावात पूर! राजवाडा उताराच्या टोकाला, सगळं पाणी तिथं शिरलं. राजा धावत आत गेला, तर पाळण्याच्या बुडाला पाणी लागलेलं! बाळाला डोक्यावर धरून, राणीचा हात ओढत तो छातीपर्यंत चढत आलेल्या पाण्यातून बाहेर पडला.

वाड्याच्या तटामागच्या कुंभारआळीत तो पोचला आणि थबकलाच. पाऊस तोच, जागा तेवढीच सखल, पण पाणी घोट्याइतकंही नाही! पाथरवटीण दारात उभी होती.

"इथं कसं नाही बुडालं?"

"तुमचा चुना इथवर पुरला नाही, महाराज."

राजानं खाली पाहिलं. फरशांमधल्या वाळूत पाणी मुरत होतं. हुकूम पुरता पाळला गेला असता, तर आज लेकराला घेऊन उभं राहायलाही जागा नव्हती!

पाणी ओसरल्यावर राजानं स्वतः छिन्नी हातात घेतली. फटी मोकळ्या करताना मोती सापडला. त्यानं तो राणीपुढे धरला.

राणीनं बाळाला घट्ट कवटाळलं. "नको मला. टाका तिथंच, आणि वरून वाळू घाला."

तात्पर्य: पाण्याला मुरायला जागा ठेवा, नाही ठेवली, तर ते आपल्या घरात जागा शोधतं.