पोचा पडलेला तांब्या

फार जुनी गोष्ट; इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे एक विचित्र रीत होती. नवं चित्र दरबारात लावण्याआधी ते कशाचं आहे, हे राजाने सांगायचं. त्याला ओळखता आलं नाही, तर दोष चित्राचा आणि चितारी राज्याबाहेर! राजाचे डोळे कधी चुकतात का?

एकदा एका म्हाताऱ्या चितारणीने जलरंगातलं चित्र आणलं. तांबूस, गोल काहीतरी. खाली आखूड मान, कुशीला खोल पोचा. जिथे ऊन पडलं होतं तिथे तिने रंगच लावला नव्हता, कोरा कागद सोडला होता, आणि नेमकं तिथेच ते लखलखत होतं. राजा बघतच राहिला.

"वा! लढाईत घाव सोसलेलं शिरस्त्राण! माझ्याच एखाद्या शूर सरदाराचं असणार."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. पण चितारणीला खोटं बोलवेना.

"नाही, महाराज. हा तांब्या आहे. तुमच्या उशाशी असतो तोच. वाड्याच्या मागच्या अंगणात तुमच्या दासीने घासून पालथा घातला होता, तेव्हा मी पाहिला."

"माझ्या तांब्याला पोचा?" राजा कडाडला. "आत्ताच्या आत्ता आणा! खोटं निघालं, तर हिला आजच हाकलून द्या."

पाणी देणारी दासी तांब्या घेऊन आली. राजाने तो पालथा करून चित्राशेजारी धरला. तोच पोचा! रोज सकाळी यातूनच पाणी पितो आणि आपण तो एकदाही पाहिला नाही?

"हा पोचा कधी पडला?"

"लई वर्सं झाली, म्हाराज," दासी पुटपुटली. "पानी गार नव्हतं म्हून तुमी फेकून मारला व्हता."

"कुणाला?"

राजाने मान वर करून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या कपाळावर व्रण होता आणि त्याखालचा डोळा कायमचा मिटलेला होता.

राजा सिंहासनावरून खाली उतरला.

"बाई, तुझं नाव काय?"

"गोजरा."

त्या दिवशी ती रीत मोडली. चित्र सिंहासनासमोर लागलं आणि चितारीण मानाने राज्यात राहिली. गोजराला घर मिळालं, शेत मिळालं. डोळा मात्र राजाला परत देता आला नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, बोध इतकाच: रोजचं समोरचं जो नीट पाहत नाही, त्याला आपल्या हातून कोण दुखावलं हेही दिसत नाही.