बोडक्या डोंगराची खेप

करकोचे पाठीवर उतारू वाहत, त्या काळातली ही गोष्ट. आमराईला जायला सगळे करकोचे तयार असत. बोडक्या डोंगरावर मात्र कुणी जाईना, आणि गेलाच तर तोंडाला येईल ते भाडं मागे. शेवटी हत्तीराजानं फर्मान काढलं: भाडं सगळीकडे मूठभर दाणे, आणि बोडक्या डोंगरावर रोज एक खेप झालीच पाहिजे.

ढवळी सशीण हरखली. तिची लेक त्याच डोंगरावर बाळंत झाली होती. भाडं देऊन ती नदीकाठच्या करकोच्याच्या पाठीवर बसली. करकोच्यानं डोंगरावरून एक घिरटी घातली आणि तोंड फिरवलं.

"अरे, उतरव ना मला!" ढवळी ओरडली. खाली बिळाशी लेक उभी होती.

"फर्मानात खेप करायची आहे, मावशी. उतरवायचं कुठं लिहिलंय?"

ढवळीला रडूच फुटलं. नदीकाठी परतल्यावर करकोचा म्हणाला, "चला, उतरा आता."

ढवळीनं डोळे पुसले आणि त्याची पिसं घट्ट धरली. "उतरायचं तरी कुठं लिहिलंय?"

नवे उतारू आले, पाठ अडलेली बघून दुसऱ्या करकोच्याकडे गेले. यानं अंग झटकलं, पाण्यात बुडी मारून पाहिली. भिजलेली ढवळी जागची हलली नाही. दिवस कलला तसा तो मुकाट्यानं उडाला आणि डोंगरावर टेकला. ढवळी ओल्या अंगानंच नातवंडांना चाटत बसली.

दुसऱ्या दिवशी सगळे करकोचे दरबारात गेले आणि फर्मानात 'उतारू उतरवणे' हे शब्द घालावेत, अशी विनंती केली. राजानं त्यांच्या कायदाप्रेमाचं भर दरबारात कौतुक केलं.