हरबाने विमान रिकामं केलं

एका गावाशेजारी छोटासा विमानतळ झाला आणि गावातला एक भोळा गडी तिथे नोकरीला लागला. नाव हरबा. "एकदा ऐकलेलं मी जन्मात विसरत नाही!" अशी बढाई मारायचा आणि लगेच विचारायचा, "आत्ता मी काय म्हणालो?" म्हणून शेवटचं सांगितलेलं तेवढं तो घट्ट धरून ठेवी. नोकरी टिकली तरच मुलगी देईन, असं होणाऱ्या सासऱ्याने बजावलं होतं ना!

विमान चाळीस खुर्च्यांचं. कंपनी तिकिटं विकायची बेचाळीस. दोघं-तिघं येतच नाहीत, असा तिचा भरवसा. पहिल्याच दिवशी नेमके झाडून सगळे आले.

हरबाच्या वरच्या डिंगणकर मॅडम म्हणाल्या, "विमान भरल्यावर जो येईल, त्याला हात जोडून सांगायचं. जागा नाही, उद्या या."

चाळीस माणसं बसली. उरलेल्या दोघांना हरबाने परत पाठवलं. मग आला वैमानिक. हरबाने हात जोडले.

"जागा नाही. उद्या या."

"अहो, मग चालवणार कोण?"

"ते मला नाही सांगितलं."

वैमानिक खुशीत घरी जाऊन झोपला. चाळीस माणसं संध्याकाळपर्यंत पट्टे बांधून बसली.

मॅडमनी कपाळ बडवलं. "अरे, अंगावरचा गणवेश तरी बघायचास! टोपी, बिल्ले दिसले की सलाम ठोकायचा नि सरळ आत सोडायचं."

"आधी सांगायचं ना, मॅडम!"

दुसऱ्या दिवशी एका पाहुण्याच्या स्वागताला गावातला बँड आला. लाल डगले, सोनेरी बिल्ले, अकरा टोप्या. हरबाने अकरा सलाम ठोकले आणि अकराही जणांना ढोल-ताशांसकट आत बसवलं. अकरा प्रवासी तिकिटं फडकावत बाहेर राहिले. बँड मुंबईत उतरला आणि पाहुण्याला शोधत बसला.

अकरा माणसं मॅडमच्या टेबलाशी रडायला आली. मॅडम कडाडल्या, "माणसं अशी ढकलायची नसतात! गोड बोलून विचारायचं, स्वखुशीने कोण उतरतो? उतरेल त्याला समोरच्या हॉटेलात फुकट जेवण आणि उद्याच्या विमानात खुर्ची. आता एक जरी माणूस रडत माझ्याकडे आला, तर तू घरी!"

"आधी सांगायचं ना, मॅडम!"

तिसऱ्या दिवशी आले अडतीसच. दोन खुर्च्या मोकळ्या. तरी हरबा विमानात चढला आणि सांगितलेलं सगळं गोड आवाजात म्हणून मोकळा झाला.

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "जेवायला काय आहे?"

"भरलं वांगं, भाकरी."

"आणि गोड?"

"श्रीखंड."

आजोबांचा पट्टा सुटला. मागोमाग सदतीस पट्टे सुटले. वैमानिक वेळेचा पक्का. घड्याळ बघून त्याने रिकामं विमान उडवलं.

हरबा धावतच मॅडमकडे गेला. "बघा मॅडम, रडणारा एक नाही! सगळे ढेकर देताहेत. माझी नोकरी पक्की ना?"

मॅडमनी उद्याची यादी त्याच्यापुढे धरली. "उद्याचं विमान आजच भरलंय, हरबा. हे अडतीस जण तुझ्या मांडीवर बसवू का?"